तिकीट हातात असताना

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे साठी उलटलेल्या अनसूयाबाई इंग्रजी शिकायला आल्या. लेक वृंदा कॅनडात. नातवाला बाईंनी फोनवरच काय ते पाहिलेलं. आता लेकीनं तिकीट काढलं होतं, आणि विमानतळावर विचारतील तेवढं सांगता यावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

पण गाडी पहिल्याच वाक्याला अडली. बाई दर वेळी इंग्रजीत ‘मी लेकीकडे जाईन’ असंच म्हणत. गुरुजी म्हणत, “अहो, तिकीट हातात असताना इंग्रज माणूस ‘जाईन’ म्हणत बसत नाही. ‘पुढच्या महिन्यात मी जाते आहे’, असं सरळ सांगतो.”

“नको हो गुरुजी, दृष्ट लागते! मागच्या खेपेला साऱ्या आळीला सांगून बसले, आणि ह्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. आता पोहोचेन तेव्हा खरं.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. “आज शिकवणी पुरे. घरी जा आणि लेकीसाठी चकलीची भाजणी भाजा.”

बाई चक्रावल्या. जायला अजून किती अवकाश! पण गुरूची आज्ञा, मोडवेना. घरी येऊन त्यांनी कढई ठेवली. धणे-जिऱ्याचा खमंग वास सुटला मात्र, बाईंना रडूच कोसळलं. लेकीला कधी एकदा भेटते असं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “काय केलंत हो हे! इतके दिवस मन कसं आवरून धरलं होतं.”

“ते ठाऊक आहे मला,” गुरुजी म्हणाले. “लेकीला काय सांगता?”

“हेच. बघू, जमलं तर येईन.”

“बाई, उद्याची शाश्वती इंग्रजांनाही नाही. त्यांचेही बेत मोडतात. तरी ठरलेलं ते ठरलं म्हणून सांगतात, कारण त्या शब्दावर पलीकडचं माणूस तयारीला लागतं. दैवाला मोडायचं असेल तर ते तुमच्या बोलण्याची वाट पाहत नाही. वाट पाहते ती तुमची लेक. भीती तुमची आणि शिक्षा तिला, हा कुठला न्याय?”

बाई तडक उठल्या. घरी जाऊन त्यांनी फोन लावला. ओठांवर आलेलं ‘जमलं तर’ गिळून म्हणाल्या, “वृंदा, मी येते आहे.”

पलीकडून लेक म्हणाली,

“आई... अगं, तुझं नक्की नव्हतं, म्हणून मी पोराला अजून सांगितलंच नव्हतं. थांब हं, त्याला हाक मारते.”