खांबाने सांगितलेलं पाणी

फार जुनी गोष्ट नाही. नदीकाठच्या खांबावर एक बोलकं यंत्र बसलं, तेव्हाची. समुद्रात तरंगणारे आणि आभाळात फिरणारे त्याचे भाऊबंद त्याला पाण्याची खबर देत. ठिणगी नावाची तरणी टिटवी त्याच्याशी रोज बोलायची. एकदा ते म्हणालं, "यंदा पूर लवकर येणार. अंडी वरच्या माळावर घाल."

ठिणगी तुरुतुरु धावत थव्याकडे गेली. थव्यातला म्हातारा पांडबा खेकसला, "तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी, पोरी. अंडी वाळूतच घालायची."

"पाहिलेत, आजोबा, पण ते सगळे गेलेले. हा अजून यायचाय!"

"मग जा माळावर. घार आली की एकटीच ओरड. थवा येणार नाही."

घार एकट्या टिटवीला भीत नाही, हे ठिणगीला ठाऊक होतं. तिने मान खाली घातली आणि वाळूतच अंडी घातली.

पूर आला. वाळूत एकही अंडं उरलं नाही. ठिणगी पाण्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली.

पाणी ओसरल्यावर पांडबा म्हणाला, "ही अवदसा त्या खांबानेच आणली. त्यानेच पूर बोलावला." सगळा थवा यंत्रावर तुटून पडला. चोचींनी तारा तुटल्या, दिवा विझला.

पुढच्या उन्हाळ्यात ठिणगी खांबापाशी गेली. "अंडी कुठे घालू रे?" तिने विचारलं. खांब गप्पच होता.

मागून पांडबाची हाक आली, "चल पोरी, वाळू छान तापलीये."