बासष्टाव्या पानावरची रेघ

"मग ही कादंबरी तिला दिली कुणी?"

हवालदार सर्जेराव खरातानं पुस्तक टेबलावर ठेवलं. पंचनाम्यातला मुद्देमाल ठेवावा, तसं.

"मी दिली," घोलप गुरुजी म्हणाले आणि एका फाटक्या पुठ्ठ्याला खळ लावत राहिले.

उभा जन्म शाळेत घालवून गुरुजी आता पेठेतलं वाचनालय सांभाळत. पोरांना पुस्तकं काढून देत. सर्जेरावही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तरी आज त्याचा आवाज चौकीतलाच होता.

"माझी कावेरी तेरा वर्षांची आहे, गुरुजी. महिनाभर धड बोलत नाही. आईनं उशीखालून हे पुस्तक काढलं. यात एक पोरगी घर सोडून जाते!"

"तू वाचलीस?"

"वाचायचं तेवढं वाचलं."

"म्हणजे?"

"ती घराबाहेर पडते, तिथवर."

गुरुजींनी मान हलवली. सर्जेरावाला ती मान हलवणं आवडलं नाही. म्हातारा काहीतरी लपवतोय, त्याच्या मनात आलं.

"मला यादी द्या," तो म्हणाला. "या वयाच्या पोरींना चालतील अशा कादंबऱ्यांची. त्याबाहेरचं एकही पुस्तक तिच्या हाती पडता कामा नये."

"देतो की." गुरुजींनी हात पुसले, कागद पुढं ओढला. "सांग. कावेरी कशाला हसते?"

"...हसते. सगळ्या पोरी हसतात तशी."

"भिते कशाला?"

सर्जेरावानं टेबलावरचं पुस्तक उगाच सरळ केलं.

"तिची जिवाभावाची मैत्रीण कोण?"

"ती... शिंप्याची..." त्याला नाव आठवेना. आठवेना म्हणून राग आला. "चौकशी मी करायला आलोय, गुरुजी! तुम्ही नाही."

"बरं. कर."

कागद कोराच राहिला.

सर्जेरावानं खिशातून चष्मा काढला, बासष्टावं पान उघडलं आणि बोट ठेवलं. एका ओळीखाली निळी रेघ होती.

"हे बघा. कुणीतरी पोरीला खुणा करतंय. पुस्तकातून निरोप पाठवायची रीत जुनी आहे. हे पुस्तक तिच्याआधी कुणी नेलं होतं?"

"कुणीच नाही. नवं आलं, ते पहिलं तिनंच नेलं."

"मग ही रेघ..."

"ओळ वाच."

"कशाला?"

"पुरावा न वाचता गुन्हा लावतोस?"

सर्जेरावानं वाचली. आधी मनात. मग, गुरुजी बघत होते म्हणून, मोठ्यानं.

"'घरात माणसं खूप होती. मला विचारणारं कुणी नव्हतं.'"

त्यानं पान उजेडाकडं धरलं. रेघ जाड होती. एका जागी टोक मोडून पुढं पुन्हा सुरू झाली होती. तसली निळी पेन्सिल बाजारात सहसा मिळत नाही. चौकीत नकाशावर खुणा करायला येते. दिवाळीत त्यानंच एक कावेरीला आणून दिली होती.

टोक मोडलं होतं त्या जागेवरून त्यानं अंगठा फिरवला...

गुरुजींनी खळीची वाटी झाकली.

"गुरुजी," सर्जेरावाचा आवाज आता खाली आला होता, "शेवटी ती पोरगी... घरी परत येते का?"

"कावेरीनं पुस्तक पुरतं वाचलंय."

"तुम्हीच सांगा ना."

गुरुजींनी कादंबरी मिटून त्याच्या हातात दिली.

सर्जेराव उठला. सवयीनं टोपी डोक्यावर चढवली आणि दाराशी जाऊन घुटमळला.

"कसं विचारू तिला?"

"टोपी उंबऱ्याबाहेर ठेव," गुरुजी म्हणाले, "आणि मग विचार."