खानदानी जीपचं बेअरिंग

घाटात रस्ता कमी आणि दगड जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. गेनूभाऊंच्या म्हाताऱ्या जीपच्या मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलं. लगेच हॉर्नला कंठ फुटला. "फेका त्याला! आपली जीप अस्सल खानदानी. असलं फुटकं आपल्यात नको." गेनूभाऊंनी खरंच ते घाणेरीच्या जाळीत भिरकावलं.

मग जीपचं आरसीबुक घेऊन ते नवं बेअरिंग आणायला तालुक्याला गेले. पहिलं बेअरिंग सैल बसलं. दुसरं आत शिरेचना. तिसरं बसलं, पण पहिल्याच चढाला रडायला लागलं. प्रत्येकाच्या स्वागताला हॉर्न मात्र मनापासून बोंबलला.

शेवटी दुकानदार सुमतीबाई वैतागल्या. "भाऊ, आरसीबुक काय चाकात घालायचंय? जुना पार्ट आणा नमुन्याला!"

गेनूभाऊ जाळीत रांगले, हात ओरबाडून घेतले आणि बेअरिंग घेऊन आले. सुमतीबाईंनी अंगठ्याने चिखल खरवडून नंबर वाचला आणि त्या खो खो हसल्या. "अहो, हे तर ट्रॅक्टरचं आहे!" त्याच नंबरचं नवं बेअरिंग एका ठोक्यात बसलं.

जुनं बेअरिंग पुढच्या खेपेला नमुना म्हणून सीटखाली गेलं. हॉर्न फणकारला, "ट्रॅक्टरचं! आणि इतकी वर्षं आमच्यात राहिलंस?"

"इतकी वर्षं तुम्हाला वाहिलं," बेअरिंग म्हणालं. "आणि तुला कुठल्या कुल्फीच्या गाडीवरून काढलं, ते सांगू का सगळ्यांना?"

तेव्हापासून हॉर्न वाजलेला नाही. गेनूभाऊंनी दोनदा बॅटरी बदलून पाहिली.