सरळ रस्ता बंद आहे

डोंगरावरच्या देवासाठी प्रसिद्ध असलेल्या एका गावात गेनबा नावाचा टांगेवाला राहत होता. घोडी तरतरीत, टांगा रंगवलेला आणि जिभेवर साखर. एसटीतून उतरलेला माणूस परगावचा आहे एवढं कळलं, की गेनबा चेहरा पाडून म्हणे, "सरळ रस्ता बंद हाय, पावणं. तळ्याकडनं वळसा घालून जावं लागंल." सरळ रस्ता बारा महिने उघडा असे. पण तळ्याच्या वळशाचे दुप्पट पैसे होत. गावच्या माणसाला मात्र गेनबाने कधी फसवलं नाही, आणि तेवढ्यावर तो स्वतःला सज्जन समजत असे.

त्याच्या बायकोचं नाव हौसा. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवरा दिवसभर राबतो, घोडीला पोटभर घालतो, घरी पैसे आणतो, हेच तिने पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा एक डोळा गेला. आता दुसऱ्यालाही अंधारी येऊ लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, दवाखान्यात हौसाचं नाव कळवून ठेवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "शहरातल्या धर्मादाय दवाखान्यात डोळ्यांचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. दुपारी बारापर्यंतच बसतात. या खेपेला त्यांना गाठा. पुढच्या खेपेपर्यंत हा डोळा राहील, असं मला वाटत नाही."

गेनबाचं बायकोवर मनापासून प्रेम होतं. त्या रात्री त्याला घास गोड लागला नाही. ठरलेल्या दिवशी पहाटेची पहिली एसटी धरून दोघं निघाली.

शहरात उतरली तेव्हा साडेदहा वाजले होते. गेनबाने स्टँडवरच्या चहावाल्याला दवाखान्याचा रस्ता विचारला. "नाकासमोर जायचं," चहावाला म्हणाला, "घड्याळाचा मनोरा आला की डावीकडं. टॅक्सीनं अर्धा तास."

गेनबाने ते पाठ केलं. हौसाला हाताला धरून टॅक्सीत बसवलं. टॅक्सीवाल्याने मीटर टाकला, गाडी वळवली आणि तो सहज म्हणाला, "काका, सरळ रस्ता बंद आहे. काल पाण्याची लाइन फुटली, सगळं खणून ठेवलंय. नदीकडून घेतो."

गेनबाने कान टवकारले. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. शब्द तेच, आवाजातला सहजपणाही तोच. वर्षानुवर्षं हे वाक्य तो स्वतः म्हणत आला होता, आणि म्हणताना ते एकदाही खरं नव्हतं. मग याचं तरी खरं कशावरून? मीटरवरचा आकडा पुढे सरकला.

"गाडी थांबव," गेनबा ओरडला. "आमी काय दुधखुळं न्हाई!"

टॅक्सीवाला चक्रावला. "अहो काका, बाईंना नीट दिसत नाही. कशाला उतरता?" पण गेनबाने पैसे त्याच्या हातावर आदळले आणि हौसाला खाली उतरवलं.

दुसरी टॅक्सी मिळायला वीस मिनिटं गेली. उन्हाने हौसाच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ती पदराने पुसत होती आणि सारखी विचारत होती, "किती वाजलं वो?" टॅक्सी मिळाली. मीटर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. हा टॅक्सीवाला वयस्कर होता, गळ्यात तुळशीची माळ होती. गेनबाला जरा धीर आला. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "सरळ रस्ता बंद आहे बरं का. पुलावरून जाऊ."

झालं! गेनबाच्याही गळ्यात माळ होती, आणि ती बघून फसणारी माणसं त्याने टांग्यात बसवली होती. तो काय माळेला भुलणार? पुलाच्या तोंडाशीच त्याने गाडी थांबवायला लावली. पुन्हा पैसे, पुन्हा रस्त्याच्या कडेला उभं राहणं. खिसा हलका होत होता आणि घड्याळ तर कुणासाठी थांबत नव्हतं.

"अवं, सगळं शहर काय आपल्याला लुटायला बसलंय व्हय?" हौसा काकुळतीला येऊन म्हणाली. "चार पैसं जास्त जाऊ द्या. मला वेळेत पोचवा."

"तुला कळत न्हाई हौसे. ह्यो वळसा मी वळखतो."

हौसा हळूच म्हणाली, "तुमी ह्या शहरात कधी आला न्हाई. वळसा एवढा कसा वळखता?"

तिसरी टॅक्सी येत होती, तिला हात करायच्या निमित्ताने गेनबा पुढे धावला.

तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. या खेपेला गेनबाने बसायच्या आधीच दम भरला, "सरळ रस्त्यानं जायचं. वळसा घातलास तर दमडी देनार न्हाई."

"काका, रस्ता खणलाय."

"ते मी बघून घेईन!"

टॅक्सीवाल्याने खांदे उडवले. गाडी नाकासमोर निघाली. गेनबाला हायसं वाटलं. एकदाचं कुणीतरी आपलं ऐकलं! घड्याळाचा मनोरा दिसू लागला. बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती. आता पोचलोच, असं तो हौसाला म्हणतोय तोवर गाडी थांबली.

पुढे रस्ताच नव्हता. पुरुषभर खोल चर, त्यात पाणी, चरात उतरलेले मजूर आणि आडवी लावलेली पिंपं. मागे एक ट्रक येऊन उभा राहिला, त्याच्यामागे हातगाड्या. गाडीला मागे जाता येईना. गेनबा खाली उतरला. ट्रकवाल्याच्या विनवण्या केल्या, हातगाडीवाल्यांना हात जोडले. मीटर टिकटिक करत चालला होता, पण आता त्याकडे बघायचं भान त्याला नव्हतं. मनोऱ्यावरचे काटे मात्र तो मान वर करकरून बघत होता. काटे जवळजवळ येत होते.

गाडी कशीबशी मागे निघाली, पुलावरून गेली. वयस्कर टॅक्सीवाल्याने सांगितलेला तोच पूल. दवाखाना आला तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

कंपाउंडर दाराला कुलूप लावत होता. त्याने चिठ्ठी वाचली. "हौसाबाई तुम्हीच का? दोनदा पुकारलं तुमचं नाव. डॉक्टर आत्ता गेले, त्यांची साडेबाराची रेल्वे आहे. पुढच्या महिन्यात या."

"टॅक्सी करून जाऊ मागं," गेनबा म्हणाला आणि खिशातल्या उरलेल्या सगळ्या नोटा त्याने बाहेर काढल्या. "किती बी होऊ दे."

"स्टेशन दुसऱ्या टोकाला आहे हो," कंपाउंडर म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "आता नाही गाठता यायचं."

दोघं बाहेरच्या बाकावर बसली. मग गेनबाने स्वतःहून तोंड उघडलं. तळ्याचा वळसा, बंद नसलेला रस्ता, दुप्पट पैसे, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "पयला टॅक्सीवाला खरं बोलत व्हता, हौसे. तिघंबी खरं बोलत व्हते."

"तळ्याकडनं किती जणास्नी नेलंत?" हौसाने विचारलं.

"मोजलं न्हाई."

"त्यात माझ्यासारखं घाईचं कोण असंल, असं मनात आलं न्हाई कधी?"

हौसाने अंदाजाने हात पुढे केला, गेनबाच्या हनुवटीला लावला आणि चेहरा आपल्याकडे वळवला. "पुढल्या महिन्यात तुमचं तोंड दिसंल का न्हाई, देव जाणे. आज नीट बघून घेते. बघा माझ्याकडं."

पण गेनबाला काही नजर वर करवेना.

तात्पर्य: जो रोज दुसऱ्याला फसवतो, त्याला खरं बोलणारा माणूसही लबाडच दिसतो, आणि त्या अविश्वासाचं भाडं पुष्कळदा त्याच्या जिवाभावाच्या माणसाला भरावं लागतं.