आडवा हात

“मग काय जीव देऊ का मी?”

यशोधन ओरडला तशी मठातली सगळी पंगत थांबली. माझा घास हातातच राहिला.

पोरगं मठाच्या खोलीत राहून शिकतंय. दरवर्षी कॉलेजात पहिलं, आणि तो तोरा नाकावर. सकाळीच त्यानं जाहीर केलं होतं, परीक्षेला बसणार नाही, संध्याकाळच्या गाडीनं गावी चाललो, कॉलेज कायमचं बंद. फोनवर आई रडली, तरी ऐकेना.

मठाचे प्रमुख नागनाथबुवा भाताचं पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभे होते.

“जीव नंतर दे. आधी जेव. राग कुणावर?”

“प्राध्यापकांवर! रोजची शेकडो पानं वाचायला देतात, वर निबंध. माणसं आहेत का कसाई?”

“जादाचे विषय कुणी घेतले?”

“मीच. बाकीच्यांना झेपत नाहीत.”

“आणि वादविवादाची स्पर्धा?”

“सरांनी विचारलं. नाही म्हणायला मी काय ढ आहे?”



बुवांनी त्याच्या केळीच्या पानावर भात वाढला. त्यानं तो कसाबसा संपवला. बुवांनी पुन्हा वाढला. मग पुन्हा.

आमच्या मठात पानात टाकायचं नाही. टाकलं की बुवा उठू देत नाहीत, मग कुणी का असेना. यशोधन रागारागानं गिळत होता, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. मला बुवांचाच संताप आला. अहो, पोराला मारता की काय!

पातेल्यातला डाव पुन्हा खाली आला.

“पुरे!” यशोधन किंचाळला आणि दोन्ही हात पानावर आडवे धरले. “दिसत नाही तुम्हाला? पोट फुटेल माझं!”

बुवांचा डाव जागीच थांबला.

“ढ झालास का रे आता?”

“काय?”

“पुरे म्हणालास.”

यशोधनचे हात पानावर तसेच. चेहरा लालबुंद.

बुवांनी पातेलं दाणकन खाली आदळलं. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“वाढणाऱ्याला कसाई म्हणतोस, लेका! या पानावर बरा आडवा आला हात. त्या शेकडो पानांच्या वेळी काय हाताला मेंदी लागली होती?”