फणसाचा दरवाजा आणि पुरणाची पोळी

एक होता गड. राजा नाही, आधी गड! राजे येतील मागून, त्यांना कसली घाई आहे? या गडाचं नाव सावळगड, आणि त्याला होता फणसाच्या लाकडाचा एक मोठ्ठा दरवाजा. सुमे, पाय आत घे, मग पुढे सांगते.

हा फणस साधासुधा नव्हता, बरं का. डोंगरावर एकटाच उभा असायचा. पाखरं यायची, गरे खायची, "जातो रे" म्हणून उडायची आणि परत कधी फिरकायचीसुद्धा नाहीत. फणसाला फार वाईट वाटायचं. मग एकदा गड बांधायला सुतार आला. त्याने कुऱ्हाड उगारली, तर झाड बोललं, "तोड खुशाल, पण माझा दरवाजा कर. बाहेर पडताना जो 'येतो' म्हणेल, त्याला मी केव्हाही आत घेईन. जो 'जातो' म्हणेल, त्याचं तोंड पुन्हा पाहणार नाही." तेव्हापासून गडावरचा जो तो बाहेर पडताना दाराला 'येतो' म्हणायचा, आणि दार आतून म्हणायचं, "हं." म्हशीसुद्धा हंबरल्याशिवाय बाहेर पडायच्या नाहीत. हसू नका, खरंच सांगते.

गडाची राणी होती आवडी. वयाने लहान, पण जीभ तिखट. तिचा राजा धान्य आणायला लांब गेला होता. जाताना दाराला म्हणाला, "येतो." आवडीला म्हणाला, "लवकर येतो." त्याची पाठ वळली आणि खाली धुरळा उठला. कोण आला? राजा धडाडसेन आला! मोठ्या मिशा, मोठं पोट, आणि त्याहून मोठी फौज. त्याने गडाला वेढा घातला. वेढा म्हणजे काय? चहूबाजूंनी बसून राहायचं आणि आतल्यांचं पीठ संपायची वाट बघायची. आळशी माणसांची लढाई ती.

पण आधी त्याने जोर करून पाहिला. दारावर हत्ती घातला. हत्तीने दाराला कपाळ लावलं आणि तिथेच उभ्या उभ्या घोरायला लागला. मग तोफ डागली. गोळा दारावर आपटून फुटला, तर आतून पिवळेधमक गरे सांडले, ते त्याच्याच शिपायांनी खाल्ले. मग शिड्या लावल्या. शिड्यांना पालवी फुटली, फांद्या आल्या, आणि शिपाई त्यात लटकून बसले. झालं. धडाडसेन चडफडत तंबूत गेला.

गडावर मात्र डबे रिकामे व्हायला लागले. पोरं भाकरीचा तुकडा मागायची आणि आवडी आपल्यातला अर्धा मोडून द्यायची. ती रोज तटावर उभी राहून वाटेकडे बघायची. मनात म्हणायची, लवकर येतो म्हणालात, आणि कुठे आहात हो?

आता गडावर एक पोपट होता. भारी चोंबडा. पेरूसाठी जीव टाकायचा. तो उडत खाली गेला आणि एका पेरूच्या बदल्यात दाराचं सगळं गुपित ओकून बसला. धडाडसेनाने मिशीला पीळ दिला. "म्हणजे एकदा आत जायचं, बाहेर पडताना 'येतो' म्हणायचं, की दार आपलं! मग फौज घेऊन केव्हाही यावं!"

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी तो एकटाच दारात येऊन उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "राणीसाहेब, पाहुणा आलोय. दोन घास खाऊ, चार गोष्टी बोलू." जेवायच्या वेळी आलेल्या पाहुण्याला सावळगडावर कुणी परत पाठवत नसे, मग तो वैरी का असेना. आवडीने दार उघडायला लावलं. बघते तर त्याच्या खांद्यावर आपलाच पोपट! ती काय समजायचं ते समजली. हा 'येतो' म्हणून गेला तर गड गेला. याच्या तोंडून 'जातो' निघालं तरच आपण वाचलो.

आणि माणूस 'जातो' केव्हा म्हणतो? रागावला की म्हणतो. परवा सुमी नाही का म्हणाली, "जाते मी मामाकडे"? तशीच.

मग आवडीने त्याला डगमगता पाट दिला. धडाडसेन धप्पकन पडला. डोळे लाल झाले, पण पोपट कानात म्हणाला, "येतो म्हण, येतो!" तो हसून म्हणाला, "वा, छान झोके घेतो हो तुमचा पाट." मग तिने अळणी आमटी वाढली. तो म्हणाला, "मीठ नाहीतरी मला वर्ज्यच आहे." मग आवडी स्पष्टच बोलली, "तुमच्या मिशा अगदी केरसुणीसारख्या दिसतात." धडाडसेनाचे कान तापले, नाक फुललं. पण तेही त्याने गिळलं. आवडीचा धीर सुटला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात आतून आल्या आवडीच्या सासूबाई, थोरल्या आईसाहेब. त्यांना लढाईतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पाहुणा आलाय एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. घरोघरून मूठ मूठ डाळ आणि गुळाचे खडे गोळा करून त्यांनी पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. अख्ख्या गडाचं शेवटचं धान्य! आवडी कळवळून म्हणाली, "आईसाहेब, अहो, पोरांना उद्या काय घालायचं?"

"उद्याचं उद्या," आईसाहेब म्हणाल्या. "पाहुण्याचं पान रिकामं दिसतंय."

पहिली पोळी वाढली. धडाडसेन खूश! दुसरी, तिसरीही गेली. मग तो म्हणाला, "पुरे."

"पुरे म्हणजे? माझ्या हातचं आवडलं नाही?"

"आवडलं हो, पण—"

"मग ही तुमच्या आईच्या नावाने." वाढली. "ही त्या झोपलेल्या हत्तीच्या नावाने." वाढली. त्याने पानावर हात आडवा धरला, तर आईसाहेबांनी हातावरच तुपाची धार सोडली. पोपट काही बोलायला गेला. "अगं बाई, तू राहिलासच की रे!" म्हणून त्यांनी त्याच्या चोचीत पुरणाचा गोळा कोंबला. चोच गच्च बसली.

आवडीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डोळे पुसून तीही पदर खोचून उभी राहिली. "आईंच्या हातची खाल्लीत, माझ्या हातची नको? माझ्या गळ्याची शपथ!"

धडाडसेनाला घाम फुटला. श्वास वर जाईना, खाली येईना. तो उठला आणि पोट सावरत पळत सुटला. मागे आईसाहेब, हातात पोळी. "थांबा हो, वाटेत खायला बांधून देते!"

"नको! नको!" दारातून बाहेर पडता पडता तो ओरडला, "सोडा मला, आईसाहेब! जातो मी! जातो!"

दार 'हं' म्हणालं नाही. धाडकन बंद झालं.

खाली जाऊन तो फौजेला म्हणाला, "चला घरी. वर पोळ्यांचे डोंगर आहेत. आपण म्हातारे होऊ, यांचं पीठ काही संपायचं नाही." आणि हत्तीला हलवून उठवून सगळे निघून गेले.

त्याच दिवशी दिवेलागणीला दार आपोआप उघडलं. आवडीचा राजा आला होता, बैलांच्या पाठीवर गोण्याच गोण्या. आवडी त्याच्यावर एवढी रागावली, एवढी रागावली, आणि मग एवढी रडली, की राजाने बैलसुद्धा स्वतःच सोडले. गडावर पोरं पोटभर जेवली.

आणि धडाडसेन? त्याला ती पोळी काही विसरता येईना. दर होळीला तो फौज न घेता, एकटाच यायचा आणि दाराबाहेर बसायचा. दार उघडायचं नाही. मग आईसाहेब तटावरून दोरीने टोपली सोडायच्या. खाऊन झालं की हात धुऊन तो दाराकडे बघून म्हणायचा, "येतो हं." दार गप्प. पुढच्या वर्षी पुन्हा, "येतो हं." दार गप्प. त्याच्या मिशा पिकल्या तरी तो यायचा. आणि एका होळीला, अगदी हळू, नीट कान दिला तरच ऐकू येईल असं, दार म्हणालं, "हं."

त्या वर्षी तो पाटावर बसून जेवला. न डगमगणाऱ्या, बरं का.

चला, पांघरूण घ्या आता. झोपायच्या गावाला निघालात ना? मग मला काय म्हणायचं?

हं.