थेंबाएवढ्या श्रीलंकेची जागा

बालवाडीत होता एक नकाशाचा पाट. लाकडी. त्यात प्रत्येक देशाची खाच, खाचेत बसणारा देशाचा तुकडा.

मुलं घरी पळाली. देश कुठेही ठेवून गेली.

श्रीलंका राहिली जमिनीवर. इवलीशी. पाण्याच्या थेंबासारखी.

तेवढ्यात आल्या गोदामावशी. हातात झाडू. खर्र खर्र.

"जागेवर नाही, ते केरात," मावशी म्हणाल्या.

श्रीलंका घाबरली. निघाली. टक टुक, टक टुक.

तिच्या खाचेवर इटली बसलेली. बुटासारखी इटली.

"इटलीताई, ऊठ ना. इटली उठेना, मला जागा मिळेना."

"मी नाही उठत. माझ्या खाचेवर क्युबा. आधी त्याला उठव."

खर्र खर्र. झाडू दाराशी.

टक टुक, टक टुक. क्युबा पसरलेला. सुसरीसारखा.

"क्युबादादा, ऊठ ना. क्युबा उठेना, इटली उठेना, मला जागा मिळेना."

"मी नाही उठत. माझ्या खाचेवर चिली. आधी तिला उठव."

खर्र खर्र. झाडू फळ्याशी.

टक टुक, टक टुक. चिली लांबच लांब. शेवग्याच्या शेंगेसारखी.

"चिलीकाकू, उठा ना. चिली उठेना, क्युबा उठेना, इटली उठेना, मला जागा मिळेना."

"मी नाही उठत, बाई. माझ्या खाचेवर आफ्रिका. आधी त्यांना उठव."

खर्र खर्र. झाडू पाटाशी.

टक टुक, टक टुक. आफ्रिका केवढे थोरले. देश नव्हे, अख्खा खंड.

"आफ्रिकाआजोबा, उठा ना. आफ्रिका उठेना, चिली उठेना, क्युबा उठेना, इटली उठेना, मला जागा मिळेना."

"उठून जाऊ कुठे, पोरी? एकच खाच रिकामी. ती वर रुंद, खाली निमुळती. मी तर वर निमुळता. माझी नाही ती."

खर्र. झाडू लागला श्रीलंकेला.

श्रीलंकेने खाचेकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. पुन्हा खाचेकडे पाहिलं.

"आजोबा, डोकं खाली झालंय तुमचं. फिरा. लवकर फिरा."

आजोबा फिरले. गर्रर्र. आता वर रुंद, खाली निमुळते.

आफ्रिका खाचेत बसले. ठक्क.
चिली खाचेत बसली. ठक्क.
क्युबा खाचेत बसला. ठक्क.
इटली खाचेत बसली. ठक्क.

भारताच्या खाली उरली एक खाच. थेंबाएवढी.

टक टुक, टक टुक, टक टुक... टक्.

पाटावरून झाडू गेला. खर्र खर्र. श्रीलंका जराही हलली नाही.

मावशींनी सुपलीत पाहिलं. नुसती धूळ.

"आज सगळे शहाण्यासारखे बसलेत," मावशी म्हणाल्या.

ज्याची खाच त्याला मिळाली, गोष्टही बाई जागेवर आली.